गद्दार म्हणण्याआधी तारखा मागा

भारतीय फुटबॉलमधले बहुतेक करार 31 मे रोजी संपतात. कोकणात तोवर घरं शाकारून झालेली असतात, दशावताराच्या नाटक कंपन्यांचे पेटारे परत आलेले असतात आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी क्लबच्या पानावर चार ओळी येतात. इतक्या वर्षांच्या योगदानाबद्दल आभार, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, सोबत एक पाठमोरा फोटो. तो का गेला, त्याला राहायचं होतं का, त्याला कुणी थांबवायचा प्रयत्न केला का, याबद्दल एक अक्षर नसतं. मग बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्या ग्रुपांवर रात्रभर दोन गट भांडत बसतात. एक म्हणतो, पैशासाठी गेला, गद्दार निघाला. दुसरा म्हणतो, क्लबने हाकलला, आता या क्लबचं तोंड बघणार नाही.

दोन्ही गट मनापासून बोलत असतात. वर्षानुवर्षं ज्याच्या नावाने घसा कोरडा केला तो माणूस न सांगता दिसेनासा झाला, तर राग येणारच. पण दोघांच्याही हातात कागद नसतो, आणि कागद नसताना दिलेला निकाल बहुधा चुकीच्या माणसावर पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा वेळी चाहत्याने निकाल देऊ नये आणि गप्पही बसू नये. त्याने तारखा मागाव्यात, आणि त्या क्लबकडे मागाव्यात. जाण्याचं कारण खासगी असू शकतं. घरातलं आजारपण असेल, गुडघ्याचं दुखणं असेल, प्रशिक्षकाशी न जुळणं असेल. करार कधी संपला आणि मुदतवाढीचा प्रस्ताव कधी दिला, यात मात्र खासगी काहीच नाही.

सिंधुदुर्गातल्या फुटबॉलवेड्या माणसाचा जीव पूर्वीपासून गोव्यात अडकलेला. धेंपो, साळगावकर, चर्चिल ही नावं गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडेही घरातल्यासारखी घेतली जायची. 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा एकाच वेळी आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला धेंपो राष्ट्रीय पातळीवर दिसेनासा झाला. म्हणजे इथल्या चाहत्याने खेळाडूच काय, अख्खे क्लब जाताना पाहिले आहेत. आमच्यासाठी उरला तो इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल), 2014 मध्ये सुरू झालेला एफसी गोवा. त्याचा सामना मडगावजवळ फातोर्ड्याला. बांद्याहून एका बाजूने ऐंशीएक किलोमीटर. साडेसातचा सामना सुटेपर्यंत साडेनऊ होतात, परतीच्या एसटीचा प्रश्नच नसतो, म्हणून चौघांपाचजणांनी मिळून गाडी करायची, पेट्रोल वाटून घ्यायचं आणि मध्यरात्र उलटल्यावर घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी कामाला हजर. क्लब तिकिटापलीकडे या माणसाचं काही देणं लागत नाही, हे मला पटत नाही.

याच क्लबमध्ये मंदार राव देसाई 2014 च्या पहिल्या हंगामापासून 2020 पर्यंत होता. मग मुंबई सिटीत गेला. ब्रँडन फर्नांडिस 2017 पासून 2024 पर्यंत होता, तोही मुंबई सिटीत गेला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना जानेवारी 2020 च्या शेवटच्या दिवशी दूर केलं, तेव्हा साखळीतले फक्त तीन सामने उरले होते आणि संघ गुणतक्त्यात वरच्या टोकाला होता. ते तीनही सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली संघाने 4-1, 5-2 आणि 5-0 असे जिंकले, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी पहिलीच लीग शील्ड घरी आणली. आनंदाच्या त्या भरात 'लोबेरा का गेले' हा प्रश्न मागे पडला. पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. मंदार, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्युगो बुमू हे चौघेही तिथेच दिसले. यात कुणाचं काय चुकलं हे बाहेरून ठरवता येत नाही. एका उन्हाळ्यात एवढे जण एकाच दारातून जातात, तेव्हा आभाराच्या चार ओळी पुरत नाहीत, इतकं मात्र ठामपणे म्हणता येतं.

आता नियमांकडे येऊ, कारण निम्म्याहून जास्त गैरसमज नियम माहीत नसल्यामुळे होतात.

फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले, की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करायला मोकळा होतो. 31 मे ही तारीख धरली तर हे दार 1 डिसेंबरला उघडतं. म्हणजे जानेवारी ते मार्च जो खेळाडू तुमच्यासाठी जीव तोडून धावतोय, त्याने दुसरीकडे सही केलेली असू शकते, आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. त्याच नियमात त्याआधी एक वाक्य आहे, जे फारसं कुणी वाचत नाही: नव्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी सध्याच्या क्लबला लेखी कळवायचं असतं. नियम पाळला गेला असेल, तर क्लबला हिवाळ्यातच कळलेलं असतं. चाहत्याला कळतं जूनमध्ये. मधल्या काळात त्याच्या नावाची जर्सी विकली जाते, त्याचा फोटो तिकिटाच्या जाहिरातीवर असतो. 'गुपचूप गेला' हा आरोप आपण खेळाडूवर करतो. प्रत्यक्षात गुपित दोघांकडे असतं, आणि त्यातला एकजण त्यावर माल विकत असतो.

निवेदनातले शब्दही नीट वाचायला हवेत. 'करार संपला' असं लिहिलं असेल, तर क्लबला एक रुपया मिळालेला नाही, आणि खरा प्रश्न वर्षभर आधीचा आहे: करारात एक वर्ष उरलं असताना मुदतवाढ का झाली नाही? चांगल्या क्लबमध्ये महत्त्वाच्या खेळाडूशी बोलणी शेवटच्या वर्षात शिरण्याआधीच आटोपतात, कारण शेवटच्या वर्षात क्लबच्या हातातली पत्ती दर महिन्याला हलकी होत जाते. 'परस्पर संमतीने' हे शब्द आले, की समजायचं तडजोड झाली आहे, बहुधा काही रक्कम ठरली आहे आणि दोघांनी न बोलण्याच्या कलमावर सही केली आहे. त्यानंतर खेळाडू गप्प असेल तर त्याला अपराधी धरू नये. बोलला तर त्याचेच पैसे अडकतील. 'अज्ञात रकमेला' असं असेल, तर क्लबने विकला आहे. खेळाडूने मागणी केली असेल किंवा नसेल, पण विक्रीच्या कागदावर क्लबची सही असते.

पळून गेला, असंही म्हटलं जातं. करार चालू असताना खेळाडू ठोस कारणाविना निघून गेला तर काय होतं? अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी केलेल्या करारात पहिली तीन वर्षं आणि त्यानंतरच्या करारात पहिली दोन वर्षं संरक्षित धरतात. त्या काळात करार मोडला तर भरपाईशिवाय चार महिन्यांची बंदी येते. सप्टेंबर 2024 मध्ये बचावपटू अन्वर अलीच्या प्रकरणात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि 12.90 कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश काढला होता, आणि ते भांडण थेट दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं होतं. खरंच करार मोडला असेल तर असा आवाज होतो. गेलेला खेळाडू नव्या क्लबकडून पहिल्या सामन्यापासून निवांत खेळतोय आणि कुठे तक्रार नाही, तर तो पळालेला नाही.

एक शक्यता आपण सहसा धरतच नाही, ती थकलेल्या पगाराची. दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर तो करार संपवून जाऊ शकतो, आणि चूक क्लबची धरली जाते. भारतीय फुटबॉलमध्ये ही शक्यता कागदापुरती नाही. 2025 च्या उन्हाळ्यात आयएसएल अधांतरी लटकली तेव्हा काही क्लबांनी पगार देणं थांबवलं होतं. हंगामाच्या मध्येच कुणी फुकटात निघून गेला, तर त्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवायला बंदी आली आहे का ते पाहावं. फिफा अशा क्लबांची यादी प्रसिद्ध करते. शिवी द्यायच्या आधी ती उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

तारखांनी सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. मेस्सीचंच बघा. 25 ऑगस्ट 2020 ला त्याने बार्सिलोनाला ब्यूरोफॅक्सने, म्हणजे नोंदणीकृत पत्राने, कळवलं की मी जातो. करारात तसं कलम होतं, पण त्याची मुदत 10 जूनला संपली, असं क्लबचं म्हणणं. महामारीमुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला, म्हणून मुदतही लांबली, असं त्याच्या बाजूचं. मुदत गेली असेल तर करार मोडायला 70 कोटी युरो मोजा. क्लबला कोर्टात खेचायचं नाही म्हणून तो थांबला. 30 जून 2021 ला करार संपला. 5 ऑगस्टला क्लबने जाहीर केलं की लीगच्या आर्थिक नियमांमुळे त्याला ठेवता येत नाही, 8 तारखेला तो सगळ्यांसमोर रडला, 10 तारखेला पॅरिसला सही केली. अखेरचा निर्णय नक्की कुणाचा, यावर आजही एकमत नाही, आणि हा क्लब तर लाखाहून जास्त सभासदांच्या मालकीचा. मालकांनासुद्धा पूर्ण उत्तर मिळालं नाही. तरी या तारखा समोर असल्यामुळे एक गोष्ट झाली: वाद जागेवर राहिला. 2020 मध्ये त्याला जायचं होतं आणि 2021 मध्ये राहायचं होतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणालाही दाखवता आलं. तारखा नसत्या तर दोन्हींचं एकच कडबोळं झालं असतं.

मग प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्याचं काय? फिगो 2000 साली बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला, सोल कॅम्पबेल 2001 मध्ये टॉटनहॅमचा करार संपल्यावर थेट आर्सेनलला गेला, टॉटनहॅमला छदाम मिळाला नाही. इथे काही लपलेलं नव्हतं. चाहत्यांनी हुर्यो उडवली, आणि ती उडवायचा त्यांना हक्क होता असं मी मानतो. नोव्हेंबर 2002 मध्ये फिगोच्या दिशेने मैदानात डुकराचं मुंडकं आलं, तिथे तो हक्क संपला. पण ज्याचं जाणंच धूसर आहे, त्याला कॅम्पबेलच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

एक वस्तू जवळून बघू. नाव छापलेली जर्सी. पॉलिएस्टरच्या कापडावर अक्षरं उष्णतेने दाबून चिकटवलेली असतात. पुष्कळजण रागाच्या भरात ती काढायला बसतात. बटर पेपर ठेवून, वाफ बंद करून कोमट इस्त्री फिरवायची आणि अक्षराचा कोपरा नखाने उचलून गरम असतानाच हळूहळू सोलायचा. इस्त्री जास्त तापली तर पॉलिएस्टर चकाकतं, आणखी तापली तर आक्रसतं, आणि कापडाला पडलेली ती सुरकुती मग जात नाही. गार झाल्यावर ओढलं तर अक्षर तुटून निम्मा गोंद कापडात राहतो, त्यावर धूळ बसून काळे डाग पडतात. हे सगळं नीट जमलं तरी नाव जात नाही. चार हंगाम उन्हात आणि धुण्यात भोवतालचं केशरी फिकं झालेलं असतं, अक्षरांखालचं मूळचं राहिलेलं असतं. नाव काढलेल्या जागी तेच नाव गडद केशरीत वाचता येतं. माझं मत विचाराल तर ती जर्सी तशीच घालावी. ती वर्षं झाली होती, आणि तुम्ही तिथे होतात.

आपल्याकडे या प्रश्नाचा जुना सराव आहे. दशावतारातला नट कंपनी बदलतो. कार्तिकात नाटकं सुरू होतात, पावसाच्या तोंडावर थांबतात, आणि पावसाळ्यात कोण कुठल्या कंपनीत याची ठरवाठरव होते. नाईटचे पैसे, घेतलेली उचल, भूमिका कुठली, मुख्य राजा कुणाचा, यावरून जुळतं किंवा तुटतं. हंगामाच्या पहिल्या दहिकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराला, लोक विचारतात, "यंदा तो खंयच्या कंपनीत आसा?" उत्तर मिळतं, त्यावर चर्चा होते, मालकाला दोन शब्द ऐकवले जातात. पण त्या नटाला कुणी गद्दार म्हणत नाही, आणि त्याची जुनी कंपनी गावात आली तर मांडव ओस पडत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नटांचा संयुक्त दशावतार असला की सोडून गेलेला आणि मागे राहिलेला एकाच रंगमंचावर तलवारी भिडवतात, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत.

फरक आहे, तो मान्य करायला हवा. नट परवा बाजारात भेटतो, त्याला तोंडावर विचारता येतं. मालकही पंचक्रोशीतलाच. त्याला चहाच्या टपरीवर उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे संशय फार दिवस टिकत नाही. फुटबॉलपटू एजंटच्या मार्फत बोलतो, क्लब जनसंपर्क विभागामार्फत. जिथे तोंडावर विचारायची सोय नाही, तिथे रिकामी जागा बातम्यांनी भरते, आणि त्या बातम्या आपोआप उगवत नाहीत. खेळाडूने किती मागितले तो आकडा फुटला, तर तो बहुधा क्लबच्या बाजूने फुटलेला असतो. 'त्याला साधा फोनही केला नाही' असं फुटलं, तर ते एजंटकडून आलेलं असतं. बातमी वाचताना हिचा फायदा कुणाला, एवढं विचारलं तरी पुष्कळ धुरळा खाली बसतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. करार कोणत्या तारखेला संपत होता. मुदतवाढीचा प्रस्ताव दिला होता का, आणि कधी. तो जाणार हे क्लबला कधी कळलं. क्लबला बदल्यात रक्कम मिळाली का, हो किंवा नाही. चारच गोष्टी. आकडे नकोत, वैद्यकीय अहवाल नकोत, घरचं काही नको. पत्र एक असावं, सह्या पुष्कळ असाव्यात, आणि ते हंगामी तिकिटांची विक्री सुरू होण्याआधी जावं, कारण क्लबचं लक्ष चाहत्याकडे सगळ्यात जास्त असतं ते तेव्हाच. वीस प्रश्नांच्या पत्राला आभाराचं उत्तर येतं. चार प्रश्नांच्या पत्राला उत्तर आलं नाही तर ते न येणं सगळ्यांना दिसतं. आणि खेळाडूच्या बायकोच्या इन्स्टाग्रामवर जाऊन काही लिहिणं हे कुठल्याही निष्ठेत बसत नाही.

क्लब मालकाचा आहे, त्याने उत्तर का द्यावं, असं काहीजण म्हणतात. मालकाचा आहे, हे खरं. पण 'फोर्सा गोवा' ही आरोळी विकत घेतलेल्या तिकिटात येत नाही, ती लोक आणतात, आणि क्लब तिचे व्हिडिओ करून पुढच्या वर्षीची तिकिटं विकतो. 'व्यावसायिक खेळ आहे, भावना कशाला' हे वाक्य निरोपाच्या दिवशीच आठवायचं आणि जर्सी विकताना विसरायचं, असं चालणार नाही. दबावाने काय होतं, तेही दिसलेलं आहे. पंचवीस वर्षं रेआल माद्रिदमध्ये काढलेला गोलरक्षक कासियास 12 जुलै 2015 ला पत्रकारांसमोर एकटाच बसून, रडत रडत निरोपाचा कागद वाचत होता. शेजारी क्लबचा कुणीही नव्हता. ते दृश्य लोकांना सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी क्लबने सगळे करंडक मांडून मैदानावर निरोप ठेवला.

आणखी एक काळजी आहे, ती इथल्या मैदानांवरच्या पोरांची. सावंतवाडीत किंवा वेंगुर्ल्यात चेंडू चांगला मारणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला पुढे जायचं तर गाव सोडावंच लागतं. गोवा, मुंबई, पुणे, कुठेतरी. कोकणात घरटी एक चाकरमानी आहे, आणि त्याला गाव सोडल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. त्याच घरात बसून एखादा काका टीव्हीवरच्या खेळाडूला मुंबईला गेला म्हणून गद्दार म्हणतो, तेव्हा शेजारी बसलेला तो मुलगा ऐकत असतो.

गेलेला खेळाडू परत समोर येतो तेव्हा काय करावं, याबद्दल माझं मत साधं आहे. सामन्याआधी नाव पुकारतील तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, आणि शिट्टी वाजल्यापासून नव्वद मिनिटं तो कुणीही लागत नसल्यासारखं त्याच्या संघाविरुद्ध ओरडावं. मंदारच्या वेळी तीही संधी मिळाली नाही. 2020-21 चा अख्खा हंगाम गोव्यात झाला आणि एकालाही आत सोडलं नाही. 5 मार्च 2021 ला उपांत्य फेरीचा पहिला सामना फातोर्ड्यात 2-2 सुटला. मुंबईचे दोन्ही गोल बुमू आणि फॉल यांचे, वर्षभरापूर्वी याच मैदानावर केशरीत खेळलेल्यांचे. तीन दिवसांनी बांबोळीला पेनल्टीवर मुंबई जिंकली. बांद्याहून यायला तयार असलेली माणसं तेव्हा घरी टीव्हीसमोर होती, आणि फातोर्ड्याच्या रिकाम्या खुर्च्यांमधून ना टाळी वाजली, ना हुर्यो.